सांधेवाल्याच्या मुलीचं स्टेशन

“पाण्याची टाकी रुळाच्या कुठल्या बाजूला होती गं?”

आई भाकरी थापत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पट्टी-पेन्सिल घेऊन उभी होते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटानं दोन समांतर रेघा ओढल्या, त्यांना मधेच फुटून पुन्हा मिळणारी तिसरी रेघ काढली आणि एका टोकाला अंगठा दाबला. “हितं टाकी. इंजिन हितं पाण्याला थांबायचं, म्हणजे जनानी डब्याचं दार बरोबर लिंबाच्या सावलीत यायचं. आणि ह्या अंगाला आमची क्वार्टर.”

आईला पुण्यात येऊन पन्नास वर्षं होऊन गेली. एरवी ती ‘इथं’ म्हणते. ‘हितं’ तिच्या तोंडून मी फक्त सोलापूरच्या मावशीशी फोनवर बोलताना ऐकलं होतं.

“तुझं लहानपण कसं होतं?” हा प्रश्न मी तिला आजवर किती वेळा विचारला असेल. उत्तर ठरलेलं: “कसं असणार? सगळ्यांचं असतं तसं.” मला वाटायचं तिला सांगायचं नाही, किंवा आठवत नाही. दोन्ही खोटं होतं. माझा प्रश्नच फार मोठा आणि पोकळ होता. टाकी कुठल्या बाजूला, हे विचारल्यावर तिला उत्तर शोधावंसुद्धा लागलं नाही. ते हातातच होतं, पिठासकट.

त्या पिठातल्या नकाशाचा फोटो मी काढून ठेवला आहे. माझ्या लेआउटचा, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्याचा, तो पहिला आराखडा.

आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीला लागून, तीन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद फळीवर मी नॅरो गेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं, एक छोटं स्टेशन उभं करते आहे. चार वर्षं झाली. आईचे वडील, आमचे अण्णा, बार्शी लाईट रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते ठरवतो स्टेशनमास्तर, पण प्रत्यक्ष लिव्हर ओढून सांधा बदलतो तो सांधेवाला. बार्शी लाईट सरकारनं १९५४ साली ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली, तरी अण्णा शेवटपर्यंत तिला ‘कंपनी’च म्हणायचे, असं आई सांगते. मी जन्मायच्या आधीच ते गेले. त्यांचा एकच फोटो घरात आहे, लग्नातला, आणि त्यात ते पाठमोरे आहेत.

या रेल्वेची गोष्ट मी आधी ऐकीव ओळखत होते. लेआउटसाठी ती नीट वाचली आणि तिच्या प्रेमात पडले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला आला. मोठ्या रेल्वेपासून दूर राहिलेल्या मुलखात स्वस्त आणि तरीही भक्कम रेल्वे कशी बांधता येईल, हा विचार त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. त्यानं अडीच फुटी गेज निवडलं, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. खरी हुशारी मात्र पुढची: इंजिन असो की मालाचा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की हलके रूळ पुरतात, पूल हलके चालतात, खर्च उतरतो, आणि तरी डब्यात भरपूर माल भरता येतो. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून २०२ मैल, सुमारे ३२५ किलोमीटर.

यातला एक तपशील मला फार आवडतो. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात झाली, डबेही तिकडेच. ते सगळं बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं खास रूळ टाकून, वळणं आणि चढ घालून, जमलेल्या इंजिनिअरांना गाडी चालवून दाखवली गेली. म्हणजे बार्शी लाईटची गाडी बार्शीत पोचायच्या आधी एका मुद्दाम घातलेल्या, कुठंही न जाणाऱ्या रुळावर धावली होती. (याच कॅलथ्रॉपनं पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. भार कसा पेलायचा हाच प्रश्न त्याला जन्मभर पुरला असावा.)

माझाही रूळ कुठं जात नाही. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत जातो.

लहान रेल्वेचं पहिलं वेड मला लागलं पुण्यातच, कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात. भाऊ जोशींनी ते १९९८ मध्ये लोकांसाठी उघडलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि भाच्याला घेऊन गेले होते. दिवे मंद झाले, टेबलावरच्या शहरात खिडक्या एकेक करून उजळल्या आणि अंधारातून गाड्या निघाल्या. भाचा टाळ्या पिटत होता. मी एका कोपऱ्यातल्या सिग्नलकडे बघत बसले होते. माणसानं हे हातानं केलं, एकेक तार जोडून केलं, हे मला खरंच वाटेना. मग संसार, नोकरी. वीस-बावीस वर्षं ते मनात तसंच राहिलं.

सुरुवात केली आकडेमोडीनं. जगात सर्वांत जास्त चालतं ते एचओ प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. भारतातली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. तिला ८७ नं भागलं की येतात १९.३ मिलिमीटर. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी बनतो. त्यामुळे आपली ब्रॉड गेज त्यावर ठेवली की अंग चोरून बसल्यासारखी दिसते. आता ७६२ ला ८७ नं भागून बघा: ८.७६. आणि ‘एन’ या एचओहून लहान प्रमाणाचा तयार रूळ मिळतो नऊ मिलिमीटरचा! फरक पाव मिलिमीटरचासुद्धा नाही. त्या रात्री वहीत हा भागाकार झाल्यावर मी नवऱ्याला उठवून दाखवला. आपल्या दुष्काळी मुलखातली धाकटी रेल्वे जगाच्या बाजारातल्या तयार रुळावर अशी चपखल बसते, याचा आनंद मला अजून होतो.

दुसऱ्या भागाकारानं मात्र जमिनीवर आणलं. कुर्डुवाडी ते बार्शी सुमारे पस्तीस किलोमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग चारशे मीटर, आमच्या सोसायटीच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंत. पूर्ण बार्शी लाईट या प्रमाणात पावणेचार किलोमीटर भरेल. माझ्याकडे तीन मीटर. म्हणजे काय काय बांधायचं यापेक्षा काय सोडायचं हाच प्रश्न.

मी सर्वांत आधी कुर्डुवाडी सोडलं, आणि ते फार जड गेलं. कारण खरं नाट्य तिथंच होतं: एका बाजूला मुंबई-सोलापूरची मोठी लाईन, दुसऱ्या बाजूला छोटी, आणि मधे हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणारी पोती आणि गाठी. पण दोन गेज शेजारी घ्यायचे तर त्यांचं एकमेकांशी नातं खरं दिसायला हवं, आणि १६.५ शेजारी ९ ठेवले की मोठी लाईन पुरेशी मोठी वाटत नाही. खोटं कुर्डुवाडी बांधण्यापेक्षा खरं आडगावचं स्टेशन बरं. एक लूप (मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्याला मिळणारा रूळ), एक टाकी, एक क्वार्टर, झाडं, शेत. दोन्ही टोकांना भिंतीचा रंग दिलेले पुठ्ठ्याचे पडदे आणि त्यांच्यामागे गाडी उभी राहील एवढी जागा. नाटकातल्या विंगेसारखी. गाडी विंगेतून येते, थांबते, पाणी घेते, दुसऱ्या विंगेत जाते.

लाकडाचं काम सुतारकाकांनी केलं. बारा मिलिमीटरचं प्लायवूड, खाली चौकट. काय आहे ते समजल्यावर त्यांनी पाणसळ लावून तीन-तीनदा तपासलं आणि म्हणाले, “ताई, हे खालून, कडेनं, सगळीकडनं प्रायमर मारून घ्या. पावसाळ्यात लाकूड श्वास घेतं.” मी खालची बाजू रंगवायचा कंटाळा केला. रूळ जुलैमध्ये बसवले, टोकाला टोक घट्ट भिडवून. पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी बघते तर लूपजवळ रूळ धनुष्यासारखा वर उचललेला. चौकट सुकून आकसली होती आणि रुळाला जायला जागाच नव्हती. सगळा रूळ काढला, खालून प्रायमर मारला, आणि पुन्हा बसवताना प्रत्येक जोडात पोस्टकार्डाचा तुकडा धरून तेवढी फट सोडली.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग? गँगवाले भर उन्हात हातोडी घेऊन फिरायचे ते कशाला?” आणि मग गँगवाल्यांचं, म्हणजे रूळ राखणाऱ्या मजुरांचं, सगळं निघालं. दुपारी ते क्वार्टरच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबत. त्यांतल्या एकाला आजीच्या हातचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं ताक आवडायचं. एकाची बायको बाळंतपणात गेली होती आणि तो लहान पोराला खांद्यावर घेऊन लाईनवर चालायचा. माझा रूळ वाकला नसता तर तो माणूस आमच्या घरात कधी आला नसता.

आता सांध्याबद्दल, कारण सगळा जीव त्यात अडकला होता.

या छोट्या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळते. एक रूळ अधिक, दुसरा उणे. चाकांमधून ती मोटारीत जाते आणि बारा व्होल्टच्या आत गाडी हवी तशी पळते. सरळ रुळावर काही अडचण नाही. पण जिथं एका रुळाचे दोन होतात तिथं अधिकचा रूळ आणि उणेचा रूळ एकमेकांना छेदतात. त्या छेदाला फ्रॉग म्हणतात. स्वस्त सांध्यात तो प्लास्टिकचा असतो, म्हणजे तेवढ्या जागेत वीजच नाही. लांब इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याची बाकीची चाकं वीज घेत असतात. माझं इंजिन बोटाएवढं. खाली जपानी ‘एन’ प्रमाणाची सहा चाकी चौकट, वर मी अर्ध्या मिलिमीटर प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेली बॉडी, रिव्हेट मागून सुईनं टोचून उठवलेले. (किटसनच्या पहिल्या इंजिनांना चालवणारी चाकंच आठ होती. तशी चौकट मला मिळाली नाही. आकार त्या घराण्यातला ठेवला, एवढंच.) ते सांध्यावर आलं की मरायचं. बोटानं ढकललं की पुढं. दर खेपेला.

सहा महिने मी बोटानं ढकलत होते, आणि आई ते बघत होती. एकदा न राहवून ती म्हणाली, “अण्णांच्या सांध्यावर गाडी कधी अडली नाही.” तिला मला टोचायचं नव्हतं. तिच्या लेखी ती एक नोंद होती. पण मी दुसऱ्या दिवशी दोन्ही सांधे उखडले. धातूचा फ्रॉग असलेले मागवले. अशा फ्रॉगला वीज द्यायची तर सांधा ज्या बाजूला वळला असेल त्या बाजूची द्यावी लागते, नाहीतर शॉर्ट होतो. म्हणून फळीखालून एक दांडी नेली आणि तिला सरकता स्विच जोडला: दांडी ओढली की रुळाचं पातं सरकतं आणि त्याच झटक्यात फ्रॉगची वीजही पालटते. विजेवर चालणाऱ्या मोटारी मिळतात सांध्यांसाठी, बटण दाबलं की झालं. मला त्या नको होत्या. सांधा हातानं ओढायचा. दांडीच्या टोकाला पितळी मूठ बसवली आणि ती फळीच्या पुढच्या कडेला बाहेर काढली.

मातीची गोष्ट याहून सोपी निघेल असं वाटलं होतं. मंगळवेढ्याकडून एका नातेवाइकानं पिशवीभर काळी माती आणून दिली, ज्वारीच्या रानातली. ती वाळवली, वस्त्रगाळ केली. मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं आणि दचकले. चुंबकाला बारीक काळ्या कणांची दाढी आली होती. आपली काळी माती बेसॉल्टची लेक, तिच्यात लोहाचे कण असणारच. ते रुळावर राहिले असते तर इंजिनाच्या मोटारीनं ओढून घेतले असते. चार वेळा चुंबक फिरवून माती साफ केली, फळीवर पसरली, पातळ केलेला फेव्हिकॉल वरून सोडला. दोन दिवसांनी बघते तर सगळं शेत तडकलेलं. मी कपाळाला हात लावला आणि खरवडायला पत्री घेतली. आईनं माझा हात धरला. “राहू दे. मे महिन्यात असंच असतंय रान. पाय घोट्यापर्यंत जायचा भेगेत.” मी तडा मोजला: एक मिलिमीटर. गुणिले ८७, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. माती लहान प्रमाणातही आपल्या स्वभावाला जागली होती. फक्त रंग जास्त काळा दिसत होता. लहान गोष्टी लांबून बघितल्यासारख्या दिसायला हव्यात आणि लांबचं नेहमी थोडं फिकं असतं, म्हणून वरून राखाडी पावडर झटकली. ते शेत अजून तसंच आहे.

झाडांसाठी परदेशी वाळलेली झुडपं विकत मिळतात. आम्ही तुळशी वापरल्या. आईच्या कुंडीतली तुळस दरवर्षी सुकते आणि ती टाकून द्यायला आईचं मन होत नाही. सुकलेल्या तुळशीच्या काड्यांना असे काही फाटे असतात की हातभर अंतरावरून बाभूळ वाटावी. पानांसाठी रंगवलेला बारीक भुसा. पंढरपूरच्या वाटेवरच्या बाभळी तुळशीच्या, हे काही मी योजून केलं नाही, पण लक्षात आल्यावर खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

आणि लिंब. त्यावरून घरात भांडण झालं. मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी लहान. व्हिडिओ कॉलवर तिला लेआउट दाखवला तर ती म्हणाली, लिंब चुकीच्या बाजूला लावलास, तो क्वार्टरच्या मागं होता, त्याला आमचा झोपाळा होता. आई म्हणाली, झोपाळा कधीच नव्हता. मावशी म्हणाली, मी त्यावरून पडले, हनुवटीला खूण आहे. दोघींचे आवाज चढले आणि ‘व्हतं’, ‘न्हवतं’ सुरू झालं. आठवडाभर दोघी बोलल्या नाहीत. मग मी अण्णांच्या बदल्यांचा हिशोब मांडला. ते तीन स्टेशनांवर राहिले होते. आईची पक्की आठवण पहिल्या स्टेशनची आणि मावशी तेव्हा पाळण्यात होती. मावशीचा लिंब दुसऱ्या स्टेशनचा. झोपाळा बांधला तेव्हा आई बार्शीला शिकायला नातेवाइकांकडे गेली होती. तो झोपाळा तिनं पाहिलाच नव्हता. हे कळल्यावर आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही झोपाळ्याचं.”

आता लेआउटवर दोन लिंब आहेत. मागच्याला शिवणाच्या दोऱ्याचा झोपाळा आहे. म्हणून स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावही घालता येत नाही, कारण हे तिन्ही स्टेशनं मिळून एक आहे. पाटी कोरी आहे.

माणसांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटर भरतो. (साडेपाच फूट म्हणजेच १६७६ मिलिमीटर, आपल्या ब्रॉड गेजची रुंदी. मध्यम उंचीचा माणूस मोठ्या लाईनच्या दोन रुळांमधे आडवा बरोबर मावतो.) बाजारातली माणसं युरोपातली: कोट, हॅट, हातात सूटकेस. त्यांचे मी वारकरी केले. हॅट कानसीनं घासून टाकायची, कोटाचे खांदे उतरवायचे, कमरेखाली टिश्यू पेपरच्या चिंचोळ्या पट्ट्या पातळ फेव्हिकॉलमधे भिजवून धोतराच्या निऱ्या घालायच्या. पागोट्याला ओला दोरा तीन वेढे. बायकांच्या नऊवारीला मात्र कागद चालेना, ओचा बसेना. शेवटी लसणीच्या पाकळीवरचं पापुद्र्यासारखं साल चाललं, ही सूचना आईची. वीणा म्हणजे टाचणीचं डोकं आणि अर्धी तार. डोक्यावरचं तुळशीवृंदावन म्हणजे मोहरीएवढा प्लास्टिकचा ठोकळा. एका माणसाला दोन संध्याकाळ लागतात. आजवर त्रेसष्ट झाले.

त्यांतले सतरा डब्यांच्या टपावर आहेत. आषाढीच्या गाड्यांना टपावर माणसं बसायची, हे आईनं पाहिलेलं. मीही लहान असताना एकदा त्या गाडीनं पंढरपूरला गेले होते. मला आठवतं ते एवढंच की डब्याच्या दाराशी उभा असलेला एक मुलगा उतरला, रुळाकडेच्या शेतातून हरभऱ्याचा डहाळा उपटला आणि पळत येऊन पुन्हा चढला. घरचे म्हणतात ते तू ऐकलेलं आहेस, पाहिलेलं नाहीस. मी पाहिलेलं आहे.

गाडी चालवणं म्हणजे मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. वेग वाढवणं सोपं आहे, हळू चालवणं ही कला आहे. ताशी पंचवीस किलोमीटर या प्रमाणात सेकंदाला आठ सेंटिमीटर होतात. म्हणजे एका विंगेतून दुसऱ्या विंगेत, न थांबता, अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. एवढ्या हळू चालायचं तर रूळ लखलखीत हवेत. चाकांचा काळा मळ आणि पुण्याची धूळ रोज बसते, पावसाळ्यात रुळावर साय धरते. गाडी चालवायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवलेलं सुती फडकं तीन मीटर फिरवायचं, हे रोजचं. आधी मी ते उरकायचे. आता तो माझा आवडता वेळ आहे. फडकं फिरवताना मी रुळाच्या उंचीवर डोळे नेते आणि तिथून स्टेशन वेगळंच दिसतं: टाकी आभाळाला टेकलेली, पलीकडे लिंब, त्याच्या मागं झोपाळा.

लोक विचारतात, ती रेल्वे गेली याचं दुःख म्हणून हे करतेस का? नाही. २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्यानं सगळ्या मार्गाचं ब्रॉड गेज झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा टँकर, प्रत्येकात सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टँकरची गाडी. ती मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडीवरूनच गेली, अण्णांच्याच लाईननं. त्यातला एक टँकर भरून पाच टनांच्या आसांवर ठेवता आला नसता. त्या रात्री बातम्या बघताना आई उठून उभी राहिली होती. मला जपायची आहे ती छोटी लाईन नव्हे. तिथं माणसं कुठल्या बाजूला उभी राहत होती, ते मला माहीत करून घ्यायचं आहे. ते कुठल्याही वेळापत्रकात छापलेलं नाही.

उदाहरणार्थ हे: आषाढीच्या दिवसांत अण्णा दोन-दोन दिवस घरी येत नसत. एकामागून एक स्पेशल गाड्या. आई त्यांचा डबा घेऊन सांध्यापाशी जायची. पण गाडी यायची असेल तर जवळ जायला परवानगी नव्हती. दहा पावलांवर उभं राहायचं. ते मूठ धरून उभे, पाठ हिच्याकडे, नजर लाईनवर. गाडी गेली, सांधा परत लावला, की मगच ते वळायचे. लिव्हरला हात लावायचा नाही, हे तिला चालायला लागल्यापासून सांगितलेलं. फोटोत ते पाठमोरे का, हे मी आजवर विचारलं नव्हतं. लग्नाचा मांडव क्वार्टरच्या अंगणात होता आणि तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली होती.

या आषाढीला वारकऱ्यांची गाडी पहिल्यांदा पूर्ण जोडून चालवली. इंजिन आणि चार डबे. टेबललॅम्प पूर्वेला ठेवला, सकाळच्या दहाच्या उन्हासाठी. मी डावीकडच्या विंगेत कंट्रोलर घेऊन बसले. आईला फळीच्या पुढे, पितळी मुठीशी खुर्ची दिली. तिनं पदर खोचला आणि खुर्ची मागं सारून उभी राहिली.

“लूपमधे घ्यायची आहे,” मी म्हणाले.

तिनं मूठ ओढली. खट्. मी गाडी सोडली. इंजिन पडद्याआडून बाहेर आलं, सेकंदाला आठ सेंटिमीटर, टपावरचे सतरा जण हलत होते. सांध्यावर ते न अडखळता वळलं, चार डबे एकामागून एक आत आले, टाकीखाली इंजिन थांबलं. मी वाकून बघितलं. जनानी डब्याचं दार लिंबाच्या सावलीत होतं.

आई तिकडे बघतच नव्हती. शेवटचा डबा आत येताच तिनं सांधा परत मुख्य रुळाला लावला आणि खाली वाकून, पातं रुळाला नीट टेकलं आहे का ते नखानं दाबून पाहिलं. मगच वळली.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “दहा पावलांवरनं दिसायचं सगळं.”